व्हॉल्व्हवाद्यांची फिर्याद

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांच्या जगात गेली सुमारे तीस वर्षे एक फिर्याद चालू आहे. तिची सुनावणी रोज कुठे ना कुठे होते, साक्षीदार त्वेषाने जबान्या देतात, आणि निवाडा फिर्यादी पक्षानेच आगाऊ लिहून ठेवलेला असल्यामुळे प्रतिवादीची कैफियत वाचून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. फिर्याद अशी, की तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हांतून, जडशीळ ट्रान्सफॉर्मरमधून आणि कागदी शंकूच्या बारा इंची स्पीकरमधून जो नाद उसळून बाहेर पडतो तोच गिटारचा खरा टोन; आणि या साऱ्या यंत्रणेच्या वर्तनाचे गणित मांडून ते एका लहानशा पेटीतील चिपकडून सोडवून घेणारी ‘मॉडेलर’ नावाची जी उपकरणे आता सर्रास वापरात आली आहेत, त्यांतून निघतो तो त्या टोनचा निव्वळ मुखवटा, आत प्राण नसलेला. या फिर्यादीला वादननिपुण आणि विचारी माणसांचा पाठिंबा आहे हे मला ठाऊक आहे, आणि तिच्यातील एकदोन कलमांत तथ्य आहे हेही मी पुढे मान्य करणार आहे. परंतु जिच्या पायावर ती उभी आहे ती कल्पना, म्हणजे गिटारच्या ॲम्पला काही एक मूळ, शुद्ध नाद असतो आणि बाकी सर्व त्याची नक्कल असते ही कल्पना, इतिहासाला धरून नाही, पदार्थविज्ञानाला धरून नाही, आणि फिर्यादी स्वतः ज्या तबकड्या ऐकत लहानाचे मोठे झाले त्या तबकड्यांनाही धरून नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिवादीची ओळख थोडक्यात करून देतो. १९९५ साली जपानच्या रोलँड कंपनीने व्हीजी-८ हे यंत्र काढले; पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील लाइन ६ कंपनीचा ॲक्सिस २१२ हा ॲम्प आला, आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीची राजम्याच्या दाण्याच्या आकाराची तांबडी पेटी, पॉड, गावोगावच्या होतकरू गिटारवादकांच्या टेबलांवर जाऊन बसली. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचे ॲक्स-एफएक्स आले. २०११ च्या सुमारास जर्मनीतील ख्रिस्टोफ केम्पर यांनी निराळीच रीत काढली: ॲम्पच्या अंतर्गत रचनेचे गणित मांडत बसण्याऐवजी त्याच्यात विशिष्ट ध्वनिसंकेत सोडायचे, समोर माइक ठेवून परत येणारा आवाज टिपायचा, आणि दोहोंतील फरकावरून त्या विवक्षित ॲम्पची, त्या विवक्षित दिवशीची, बटनांच्या त्या विवक्षित मांडणीतील ‘प्रोफाइल’ तयार करायची. अलीकडे फिनलंडमधील न्यूरल डीएसपीसारख्या कंपन्या हेच काम कृत्रिम मज्जाजालांकडून करवून घेतात. पहिल्या पिढीच्या या यंत्रांचा आवाज कर्कश आणि सपाट होता, ही त्या काळची तक्रार रास्तच होती. गैर एवढेच घडले, की १९९८ साली दिलेला तो निकाल पुढच्या प्रत्येक यंत्राला, त्याची तपासणी न करताच, लागू करण्याची वहिवाट पडली.

आता मूळ आणि नक्कल या कलमाकडे वळू. कारण सारा आवेश त्याच ठिकाणी एकवटलेला असतो.

रॉक संगीतातील गिटारचा टोन म्हटला की ज्या ॲम्पचे नाव आधी उच्चारले जाते तो मार्शल. १९६२ साली पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. त्या दुकानात येणाऱ्या तरुण गिटारवादकांना अमेरिकन फेंडर ॲम्प हवे असत, आणि आयातीमुळे त्यांची किंमत परवडत नसे. तेव्हा मार्शल, त्यांचा दुरुस्तीकाम करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा कोवळा तंत्रज्ञ अशा तिघांनी फेंडरचा बासमन हा ॲम्प समोर ठेवून त्याची विद्युत्-रचना जवळजवळ जशीच्या तशी उतरवून घेतली, अमेरिकन सुट्या भागांच्या जागी इंग्लंडात मिळणारे भाग घातले, दहा इंची चार जेन्सन स्पीकरांच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकरांची बंद पेटी जोडली, आणि त्या जुळणीला जेटीएम ४५ असे नाव दिले. म्हणजे ज्याला आज मूळ म्हणून वंदन केले जाते तो ॲम्प जन्मतःच नक्कल होता, आणि तीही स्वस्तात आणि हाताशी असेल त्या सामानानिशी केलेली नक्कल. बरे, ज्याची नक्कल केली तो बासमन तरी गिटारसाठी बनवलेला होता काय? तोही नव्हता. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये काढलेल्या विद्युत् बास गिटारला साथीदार म्हणून तो पुढच्या वर्षी बाजारात आणला होता. गिटारवाल्यांनी तो आपल्याकडे वळवून घेतला. स्वतः फेंडर यांना गिटार वाजवता येत नसे, आणि ॲम्पने आवाज फाडू नये, स्वच्छ ठेवावा, असाच त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्या इच्छेविरुद्ध बटने शेवटपर्यंत पिळून जो फाटका नाद काढला गेला तोच पुढे परंपरा म्हणून स्थिर झाला. कर्त्याचा हेतू हीच जर अस्सलपणाची सनद मानायची, तर रॉक गिटारचा सबंध संसार बेकायदा ठरेल.

आणि हा फाटका नाद तरी कुठून आला, याची वंशावळ पाहावी. १९५१ च्या ‘रॉकेट ८८’ या मुद्रणात विली किझार्टच्या ॲम्पला प्रवासात इजा झाली होती, म्हणून स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली गेली. १९५८ च्या ‘रंबल’साठी लिंक रे याने स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोके पाडली. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात नॅशव्हिल येथे ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा स्वर घरघरत उमटला तो ध्वनिमुद्रणाच्या मेजातील एक भाग बिघडल्यामुळे; आणि १९६४ मध्ये किंक्स या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्याशा एल्पिको ॲम्पचा स्पीकर ब्लेडने कापला. यांतील नॅशव्हिलची हकीकत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. तो बिघडलेला आवाज लोकांना इतका आवडला की मेजातील तो भाग पुरता निकामी झाल्यावर तसाच आवाज काढणारी ट्रान्झिस्टरची मंडलरचना तयार करण्यात आली, आणि १९६२ साली ती माएस्ट्रो फझ-टोन या नावाने पेडलच्या रूपात विकायला आली. एका यंत्राचे वर्तन अभ्यासून दुसऱ्या, भिन्न तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राकडून ते घडवून आणायचे, हीच तर मॉडेलिंगची व्याख्या. फझ पेडल वापरणाऱ्याला आज कोणी भेसळखोर म्हणत नाही. उलट साठच्या दशकातला जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ फेस कोणाकडे असला तर त्याचे दर्शन घ्यायला माणसे जमतात. ट्रान्झिस्टरने केलेले अनुकरण साठ वर्षे जुने झाल्यावर परंपरेत जमा होते आणि चिपने केलेले अनुकरण व्यभिचार ठरते, याला कानांचा निर्णय म्हणता येत नाही. हा कालगणनेचा निर्णय आहे.

व्हॉल्व्हाच्या अंगी असलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गुणांचीही थोडी झडती घेऊ. व्हॉल्व्ह सम क्रमांकाचे उपस्वर निर्माण करतो, ते मूळ स्वराशी सुसंवादी असल्यामुळे त्याचा आवाज गोड लागतो, आणि इतर साधनांना ही माधुरी साधत नाही, हे वाक्य गिटारवादकांत पाठ्यपुस्तकातील प्रमेयाप्रमाणे म्हटले जाते. प्रारंभीच्या छोट्या व्हॉल्व्हांपुरते ते काही अंशी खरेही आहे. परंतु मार्शल, फेंडर ट्विन, व्हॉक्स एसी ३० या सर्व नामांकित ॲम्पांच्या शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्हांच्या जोड्या एकमेकींच्या उलट दिशेने काम करतात, आणि त्या पुश-पुल रचनेचा गणिती परिणामच असा, की त्या टप्प्यात उत्पन्न झालेले सम उपस्वर ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परांना बव्हंशी छेदून टाकतात आणि विषम तेवढे उरतात. ॲम्प मोठ्याने वाजवल्यावर जी गर्जना आपल्याला रोमांचित करते तिच्यात या विषम उपस्वरांचा वाटा मोठा आहे. तेव्हा माधुरीचे ते प्रमेय ज्या ॲम्पांची नावे घेऊन सांगितले जाते त्याच ॲम्पांना पुरते लागू पडत नाही. विजेचा दाब क्षणभर खचल्याने वादनाला एक लवचीक ओढ येते, तिला ही मंडळी ‘सॅग’ म्हणतात. ती रेक्टिफायर व्हॉल्व्हची देणगी. पण मार्शलच्या शंभर वॉटच्या ज्या सुपर लीडवर एका पिढीची भक्ती जडली त्यात तो व्हॉल्व्ह नसतोच. सिलिकॉनचे डायोड असतात. स्टीव्ही रे व्हॉनच्या पायाशी ट्यूब स्क्रीमर नावाचे जे पेडल असे त्यात एकही व्हॉल्व्ह नाही. आणि ब्लूजचे सम्राट बी. बी. किंग यांचा आवडता ॲम्प, लॅब सीरिजचा एल-५, संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा होता. बी. बी. किंगच्या स्वराला प्राण नव्हता असे म्हणण्याचे धाडस ज्याला असेल त्याने पुढे यावे.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दा मला याहूनही निर्णायक वाटतो, आणि नवल असे की तोच सर्वांत कमी चर्चिला जातो. फिर्यादी ज्याला अस्सल म्हणतात तो अनुभव म्हणजे खोलीत ॲम्प घुमतो आहे, आपण त्याच्यासमोर उभे आहोत, आणि विजारीचे पाय वाऱ्याने हलावेत तसे हलत आहेत. हा अनुभव सुखाचा आहे. मीही त्याला पारखा नाही. परंतु ज्या टोनांच्या नावाने शपथा घेतल्या जातात ते टोन या अनुभवातून कोणाच्याही कानी आलेले नाहीत. ते आले आहेत स्पीकरच्या कापडाला जवळजवळ चिकटवून ठेवलेल्या एका माइकमधून, बहुधा १९६५ पासून चालत आलेल्या शुअर एसएम ५७ मधून. तिथून ध्वनिमुद्रणाच्या मेजात, मेजातून फितीवर, फितीवरून तबकडीवर, आणि तबकडीवरून तुमच्याआमच्या घरच्या स्पीकरवर. माइक दोन बोटे बाजूला सरकवला तर ॲम्प बदलल्याइतका फरक पडतो, हे कोणताही ध्वनिमुद्रक सांगेल. आणि कित्येक ठिकाणी तर ॲम्पच नव्हता. १९६८ च्या ‘रेव्होल्यूशन’ या गाण्यात बीटल्सनी गिटारी थेट मेजात जोडल्या आणि मेज गुदमरेपर्यंत आवाज वाढवला. डेट्रॉइटच्या मोटाऊन स्टुडिओत गिटार थेट मेजात जोडण्याचा परिपाठच होता. आणि ज्या एकल वादनाचा दाखला टोनच्या चर्चेत हटकून दिला जातो ते १९७९ च्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’मधील डेव्हिड गिल्मरचे वादन आधी थेट मेजात मुद्रित झाले आणि नंतर ते मुद्रण ॲम्पमधून फिरवून घेतले गेले. मॉडेलर या संपूर्ण मालिकेचे, म्हणजे ॲम्प, स्पीकर, माइक, खोली या सर्वांचे मिळून एक गणित करतो. त्यामुळे मॉडेलर हेडफोनमधून ऐकून ‘हा माझ्या ॲम्पसारखा लागत नाही’ अशी तक्रार करणारा माणूस वस्तुतः तक्रार करतो आहे ती ध्वनिमुद्रण या क्रियेविरुद्ध. आणि ती तक्रार त्याने आपल्या कपाटातील तबकड्यांविरुद्ध कधी केली नाही.

येथे आपल्याकडचा एखादा वाचक मला अडवील आणि विचारील, की मिरजेच्या कारागिराने कोरलेला तानपुरा आणि बंगळुरूच्या राज नारायण यांनी घडवलेली इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी यांतही तुम्हाला फरक दिसत नाही काय? दिसतो, आणि चांगलाच दिसतो; म्हणूनच हा दाखला मला सोयीचा आहे. तानपुऱ्याचा नाद भोपळ्यात, लाकडात, घोडीवर दोरा सरकवून जमवलेल्या जवारीत असतो. कोणतेही यंत्र मध्ये येण्यापूर्वी तो खोलीत पूर्णपणे अस्तित्वात असतो, गायक त्या हवेत बसून आपला षड्ज मिळवतो, आणि पेटी जे देते ते त्या पूर्ण वस्तूचे प्रतिनिधित्व असते, सोयीचे पण अपुरे. घन लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारला असा यंत्रपूर्व नादच नाही. वायर काढून ती वाजवून पाहावी; चार पावलांवर बसलेल्या माणसाला बारीक किणकिणीपलीकडे काही ऐकू येणार नाही. तिचा नाद पहिल्यापासून विद्युत्-मंडलात जन्मतो, आणि कोणते मंडल हे ठरवण्याचा मुखत्यार वादक असतो. ध्वनिवाद्यांच्या क्षेत्रात जो युक्तिवाद न्याय्य आहे तो उसना आणून, ज्या वाद्याला निसर्गदत्त आवाजच नाही त्याच्यावर लादणे, हा या वादातील मूळ घोटाळा आहे.

‘डिजिटल म्हणजे तुकडे’ हे कलम तर शास्त्राच्या अर्धवट वाचनातून आलेले आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, म्हणून नादाची अखंड रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते, अशी समजूत असते. प्रत्यक्षात नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेच्या आतील कोणतीही लहर त्या नमुन्यांवरून अखंड स्वरूपात परत उभी करता येते, हे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखले जाणारे सिद्ध प्रमेय आहे. शिवाय गिटारचा बारा इंची स्पीकर पाचसहा हजार आवर्तनांच्या वर फारसे काही देतच नाही. तेव्हा डिजिटल उपकरण वरचे सूक्ष्म स्वर खाऊन टाकते हा आरोप ऐकताना, ते स्वर त्याआधीच कागदाच्या शंकूने खाल्लेले असतात, एवढे ध्यानात ठेवावे. मात्र जुन्या यंत्रांत जो एक ओरखडा ऐकू येई तो भ्रम नव्हता. आवाज फाडला की असंख्य उच्च उपस्वर उत्पन्न होतात; ते नमुन्यांच्या निम्म्या मर्यादेपलीकडे गेले की आरशात उलटावेत तसे खाली परततात आणि मूळ स्वराशी काहीही नाते नसलेल्या वारंवारतांवर येऊन बसतात. यालाच एलियासिंग म्हणतात, आणि नव्वदच्या दशकातील दुबळ्या चिपांना ते आवरण्याइतकी गणनशक्ती नव्हती. आज आतल्या आत नमुन्यांची संख्या अनेक पटींनी वाढवून हे गणित केले जाते. फिर्यादींच्या कानांनी रोग अचूक हेरला होता. निदान तेवढे त्यांनी चुकीचे केले आणि औषध आल्यावरही ते बदलले नाही.

विलंबाच्या आरोपावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. रंगमंचावर आपल्या ॲम्पपासून तीन मीटर पुढे उभ्या असलेल्या वादकाला त्याचा स्वर जवळजवळ नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याबद्दल आजवर कोणी फिर्याद दिलेली नाही; मॉडेलरचा विलंब सामान्यतः त्याच्या निम्म्याइतकाही नसतो. बोटांना जाणवणाऱ्या ‘फील’चा प्रश्न मात्र इतका सहज उडवून लावता येणार नाही. तो खरा आहे. फक्त त्याचे उगमस्थान व्हॉल्व्हात नसून बव्हंशी आवाजाच्या पातळीत आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले, की आवाज जसा वाढतो तसे आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर प्रमाणाबाहेर अधिक ऐकू येऊ लागतात. त्यामुळे शंभर वॉटचा ॲम्प कानठळ्या बसवत वाजवायचा आणि शेजाऱ्यांच्या भीतीने मॉडेलर हेडफोनवर कुजबुजत ऐकायचा, आणि मग पहिला भरदार व दुसरा पोकळ असा निष्कर्ष काढायचा, ही तुलना कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरली जाणार नाही. दोघांची पातळी मोजून एक केली, तेच वादन दोघांतून फिरवले, आणि कोणते कोणाचे हे ऐकणाऱ्यापासून झाकून ठेवले, तर उत्तरे किती डळमळीत होतात हे ज्याने त्याने करून पाहावे. स्पीकरच्या हवेने तार पुन्हा थरथरून स्वर अनंत काळ टिकतो, हेंड्रिक्सने ज्याचे काव्य केले तो फीडबॅक, कानात खुपसलेल्या मॉनिटरवर हरवतो, हे मला मान्य आहे. पण मॉडेलर एखाद्या दणकट स्पीकरला जोडा, त्याच्यासमोर गिटार घेऊन उभे राहा, तो परत येतो. हरवला होता तो मोठा आवाज. आणि मोठा आवाज ही व्हॉल्व्हवाल्यांची मक्तेदारी नव्हे.

एवढे बोलल्यावर मॉडेलरच्या भाटांनी मला आपल्या पंक्तीला बसवू नये. ‘मूळ ॲम्पात आणि आमच्यात आता तिळमात्र फरक उरला नाही’ ही त्यांची जाहिरात त्याच चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. मूळ नावाची काही पवित्र वस्तू आहे हे मान्य करूनच ते तिच्याशी बरोबरीचा दावा लावतात. म्हणून त्यांच्या पेट्यांत शेकडो ॲम्पांची, व्यापारचिन्हांचा खटला टाळण्यासाठी किंचित मुरडलेल्या नावांची यादी असते, आणि १९५० नंतरच्या साऱ्या ॲम्पांचे ते दफ्तर चाळण्यात बिचाऱ्या वादकाची संध्याकाळ संपून जाते. ज्या यंत्राला अस्तित्वात नसलेला, बांधताच न येणारा ॲम्प कल्पनेने उभा करता येतो त्याने जुन्या वस्तुसंग्रहालयाचा पहारेकरी म्हणून नोकरी पत्करावी, हे मला त्या यंत्राचे दारिद्र्य वाटते. या बाबतीत दोन्ही पक्षांनी एकाच दस्तऐवजावर सह्या केलेल्या आहेत.

वादाच्या मुळाशी असलेली एक सामाजिक बाबही उघड बोलली जात नाही. फेंडर ट्विन रिव्हर्बचे वजन सुमारे २९ किलो आहे. त्याच कंपनीने २०१९ मध्ये काढलेल्या त्याच्या डिजिटल प्रतिरूपाचे सुमारे १५. हा फरक ज्याच्याकडे सामान उचलणारी माणसे आणि मोटार आहे त्याला कळत नाही. डोंबिवलीहून लोकलने दादरला तालमीला जाणाऱ्या मुलाला कळतो. अमेरिकेतून आणवलेला १२० व्होल्टचा ॲम्प आमच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यावर आयातकर बसतो, आणि इतके करून तो ज्या पातळीला खुलतो त्या पातळीला तो मुंबईच्या चाळीत किंवा फ्लॅटात वाजवता येत नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हा २००० सालच्या नियमावलीचा हुकूमही आहे. ‘खरा टोन हवा तर खरा ॲम्प घे’ हा उपदेश या परिस्थितीत कलाविषयक राहत नाही, तो मिळकतीविषयक होतो. याची दुसरी बाजू अशी, की मिळकत अमाप असलेल्यांनी हा उपदेश कधीच सोडून दिला. मेटॅलिका या वाद्यवृंदाने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकातील अर्जेंटिनाच्या संशोधनतळावर जो कार्यक्रम केला त्यात परिसराला उपद्रव होऊ नये म्हणून ॲम्प नव्हते, मॉडेलर होते, आणि श्रोत्यांच्या कानांवर हेडफोन होते. पुढे जगभरच्या दौऱ्यांतही त्यांनी मॉडेलरच चालू ठेवले.

आता फिर्यादींच्या एका कलमापुढे मी मान तुकवतो. मात्र ते कलम त्यांच्या अर्जात सहसा तळटीपेसारखे शेवटी येते, ते अग्रभागी यायला हवे होते. १९६५ सालचा ॲम्प आज उघडला तर आत हाताने जोडलेल्या तारा, मोजून दाखवता येणारे रोधक, बदलता येणारी धारित्रे दिसतात. त्याचा नकाशा छापील उपलब्ध आहे. आणि सोल्डरिंग आयर्न धरता येणारा शहाणा मेकॅनिक, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा का असेना, तो पुन्हा बोलता करू शकतो. मॉडेलरची चिप गेली की पेटी गेली. कंपनीने सॉफ्टवेअर सुधारणे थांबवले की ती हळूहळू परकी होते. आणि वीस वर्षांपूर्वीच्या अशा पेट्या आज भंगाराच्या भावात मिळतात. यावर व्हॉल्व्हचेही भवितव्य काही निर्वेध नाही असे उत्तर देता येते. इंग्लंडातील ब्लॅकबर्नचा मुलार्ड कारखाना व्हॉल्व्ह करेनासा होऊन दशके लोटली, आता मुख्य भिस्त रशियातील साराटोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांवर आहे, आणि २०२२ साली युक्रेनवरील युद्धानंतर रशियाने निर्यातबंदीचा फतवा काढताच साऱ्या गिटारविश्वात कशी धावाधाव झाली हे ताजेच आहे. पण दुसऱ्याची अडचण दाखवून आपली सुटत नाही, आणि हे कलम मी तेवढ्यावर फेटाळू इच्छीत नाही.

किंबहुना व्हॉल्व्हवाद्यांनी आपला सारा त्वेष या एका मागणीमागे लावावा अशी माझी त्यांना विनंती आहे. मॉडेलर बनवणाऱ्यांनी पेटीचे नकाशे द्यावेत, सुटे भाग ठेवावेत, आणि वादकाने तयार केलेले टोन एकाच कंपनीच्या कुलपात राहू नयेत. ही मागणी अशक्य कोटीतील नाही. न्यूरल ॲम्प मॉडेलर या नावाचा एक मुक्तस्रोत प्रकल्प आज चालू आहे. त्यात कोणीही आपल्या ॲम्पचे ध्वनिमुद्रण देऊन त्याचे प्रतिरूप शिकवून घेऊ शकतो, ती फाइल कोणालाही देऊ शकतो, आणि ती कोणत्या यंत्रावर चालवायची हे कोणत्याही कंपनीला ठरवता येत नाही. ज्याच्याकडे १९६५ चा ॲम्प आहे आणि ज्याला त्याच्या व्हॉल्व्हांची चिंता आहे, त्याने या वादात पुढची जबानी देण्याआधी एसएम ५७ स्टँडवर चढवावा, ॲम्प तापू द्यावा, आणि ती फाइल करून घ्यावी.